ओल्नींच्या डोंगराखाली सहा दिवस

दिवस पहिला, सोमवार : मार्सेय ते तुलाँ

फ्रान्समधल्या मार्सेयच्या सां-शार्ल स्टेशनच्या पायऱ्यांवर लेक उभी होती. गळ्यात पडली आणि पहिला प्रश्न, "आई, पुस्तक आणलंस ना?" आणलं होतं. खांद्यावरच्या पिशवीत, पंचाच्या तुकड्यात गुंडाळून.

पुस्तक म्हणजे खाद्यलेखक रिचर्ड ओल्नी यांचं 'सिंपल फ्रेंच फूड'. १९७४ सालचं. माझी प्रत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मिळालेली. कव्हरचा कोपरा गेलाय आणि अंड्यांच्या प्रकरणावर माझ्या हळदीची बोटं उमटली आहेत. मी पुण्यात एकोणीस वर्षं घरगुती डबे देते, रोज पस्तीस-चाळीस. फ्रेंच जेवणाशी माझा काडीचा संबंध नव्हता. पण आई गेली, आणि तिच्या हाताखाली शिकलेलं सगळं लिहून काढावं असं मनाने घेतलं. वही आणली. दोन वाट्या, एक चमचा, दहा मिनिटं असं लिहीत गेले. महिनाभराने वाचून पाहिलं तर त्या वहीत आई कुठेच नव्हती. ती कधी वाटीने मोजायची नाही. विचारलं की म्हणायची, "अंदाजाने घाल गं."

ओल्नी वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, अंदाजसुद्धा लिहिता येतो. साधी ढवळून शिजवलेली अंडी घ्या. ते सांगतात, जाड बुडाचं पातेलं गरम पाण्यात ठेवा, अंड्यात लोण्याचे तुकडे घाला, लाकडी चमचा तळाशी आणि कडांना सतत फिरवत राहा. अंडी धरायला लागली की हात वाढवा. हवी तेवढी घट्ट व्हायच्या आधीच उतरवा, कारण पातेल्यातली ऊब पुढचं काम करते. डोळ्यांनी काय पाहायचं, हाताला काय लागलं पाहिजे, कुठे थांबायचं हे सगळं त्यात आहे. आईच्या 'अंदाजा'च्या पोटात हेच तर होतं.

लेक मार्सेयला शिकायला आली तेव्हाच ठरवलं होतं, एकदा ओल्नींचं गाव बघायचं. गाव इथून जवळच, तुलाँच्या पलीकडे सोलिएस-तुकास.

मार्सेयहून तुलाँला लोकल गाडीने तासभर लागतो. उजव्या हाताला मधूनच समुद्र दिसतो, मग बोगदा, मग पांढरट खडकांचे डोंगर. तुलाँ हे आरमाराचं बंदर, पाठीशी माँ फारों डोंगर भिंतीसारखा उभा. जुन्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एका आठवड्यासाठी खोली घेतली होती. स्वयंपाकघर एवढंसं, पण गॅस होता, ओव्हन होता, आणि खिडकीत कुणीतरी ठेवलेली तुळशीची कुंडी होती. आपली नव्हे, त्यांची, मोठ्या गोड वासाच्या पानांची. सोमवारी इथला बाजार बंद असतो. पाव, टोमॅटो आणि चीज खाऊन झोपलो.

दिवस दुसरा, मंगळवार : कूर लाफायेतचा बाजार

सकाळी साडेसातला खाली उतरलो. कूर लाफायेत हा तुलाँचा भाजीबाजार, सोमवार सोडून रोज सकाळी भरतो. झाडांच्या दोन रांगांमधून बंदराकडे उतरत जाणारा रस्ता आणि दोन्ही बाजूंनी गाडे. मंडईत वाढलेल्या बाईला बाजार कळायला भाषा लागत नाही. कुठली भाजी पहाटे तोडलेली आणि कुठली दोन दिवसांची, हे देठ सांगतो. इथले दोडक्याएवढे कुर्जेत, म्हणजे झुकिनी, फुलासकट होते आणि फूल अजून ताठ होतं.

अंजीरवाल्या बाईंपाशी थांबलो. मी दोन-चार फळं निवडायला हात पुढे केला, तर त्यांनी मला हाताने थांबवलं आणि लेकीला काहीतरी विचारलं. लेक हसायला लागली. "आई, त्या विचारतायत, आज खाणार की उद्या?"

मी तिथेच उभी राहिले. हापूसच्या पेटीवर बसलेला आमचा आंबेवाला नेमकं हेच विचारतो, आजला देऊ की परवाला? मी सांगितलं, अर्धी आज, अर्धी उद्या. बाईंनी एकेक अंजीर देठापाशी बोटांच्या टोकांनी जोखून दोन वेगळ्या कागदी पिशव्या भरल्या आणि उद्याच्या पिशवीचं तोंड दुमडून दिलं.

बाजाराच्या खालच्या टोकाला काद मिळते. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ. पातळ भिजवून मोठ्या तांब्याच्या थाळ्यात ओततात आणि लाकडाच्या धगीवर भाजतात. वरून खरपूस, आत लुसलुशीत. कातरून कागदावर देतात, वर मिरपूड. नीसमध्ये याच पदार्थाला सोका म्हणतात. पहिला घास घेतला आणि जिभेने ओळखलं की हे बेसन. पिठल्याची बहीण म्हणावी की धिरड्याची, ते मला ठरवता आलं नाही, पण घरची नक्की.

दुपारी पुस्तक उघडून कुर्जेतचं ग्रातँ, म्हणजे ओव्हनमध्ये खरपूस भाजलेला प्रकार, केला. ओल्नी हे कुर्जेत किसून घेतात, थराथराने मीठ लावून ठेवतात, पाणी सुटलं की मुठीत घेऊन पिळतात आणि मग तेलावर परततात. काकडी चोचवून मीठ लावून पिळायची, तेव्हाच कोशिंबीर पाणचट होत नाही, हे आईने मला सात-आठ वर्षांची असताना दाखवलं होतं. मूठ किती आवळायची हेही. फार आवळली की काकडीचा जीव जातो. इथेही तसंच. लेकीने पिळलेला किस चोथा झाला होता, माझा मऊ होता. मी तिची मूठ माझ्या मुठीत धरली आणि पुन्हा पिळून दाखवलं.

जेवताना ती म्हणाली, "आई, हा माणूस अमेरिकन होता ना? मग फ्रेंचांना त्यांचं जेवण याने कसं शिकवलं?"

आहेच हे नवल. ओल्नी जन्मले १९२७ साली, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मॅरेथॉन नावाच्या लहानशा गावात. शिकले चित्रकला. १९५१ मध्ये पॅरिसला आले ते चित्रं काढायला, आणि मग तिथलेच झाले. स्वयंपाक करायचे, जीव लावून करायचे. जेवायला येणाऱ्यांमध्ये खाण्यापिण्यावर लिहिणारी फ्रेंच मंडळीही असत. त्यातून 'क्विझीन ए व्हाँ द फ्राँस' या मासिकात त्यांचं फ्रेंच भाषेतलं सदर सुरू झालं, सदराचं नाव 'पॅरिसमधला एक (खवय्या) अमेरिकन'. फ्रेंच वाचकांना फ्रेंच जेवणाबद्दल परदेशी माणूस लिहितोय आणि ते वाचतायत. १९७० मध्ये पहिलं मोठं पुस्तक आलं, 'द फ्रेंच मेन्यू कुकबुक'. ऋतूप्रमाणे आखलेल्या जेवणांचं. त्या पुस्तकाला २०१० साली लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'च्या खाद्यपुरवणीने आजवरचं सर्वांत उत्तम पाककृतींचं पुस्तक ठरवलं. तेव्हा ओल्नी जाऊन अकरा वर्षं झाली होती.

मला वाटतं, बाहेरून आलेल्यालाच घरातलं दिसतं. सासरी आलेली मुलगी त्या घराचं जेवण जितकं बारकाईने बघते, तितकं त्या घरची लेक बघत नाही. तिला ते शिकावं लागतं ना.

दिवस तिसरा, बुधवार : सोलिएस-तुकास

तुलाँहून सोलिएस-पाँ हे स्टेशन गाडीने थोड्याच अंतरावर. तिथून तुकास तीन-चार किलोमीटर वर, गापो नदीच्या खोऱ्यात. बस आमच्या डोळ्यांदेखत गेली आणि पुढचीला बराच अवकाश होता, म्हणून चालत निघालो. बरंच झालं. डोंगराकडे पायी गेलं की डोंगर हळूहळू उलगडतो.

रस्त्याच्या कडेला परसबागा, अंजिराची झाडं, मध्येच नदीचा आवाज. दोन्ही बाजूंना चुनखडीचे डोंगर, त्यावर काळपट हिरवी झुडपं. आणि उतारावर पायऱ्या. दगडावर दगड रचून, चुना-माती न वापरता बांधलेल्या ताली. इथे त्यांना रेस्ताँक म्हणतात. प्रत्येक ताल म्हणजे वीतभर माती धरून ठेवण्याची कोणाच्या तरी आजोबा-पणजोबांची धडपड. त्यावर ऑलिव्हची झाडं, पानं वाऱ्याने उलटली की चंदेरी होणारी. पुरंदरच्या डोंगरात माझ्या मामाच्या शेताला अशाच ताली आहेत. पावसात एखादी ढासळली की तो पावसाळा सरायच्या आत पुन्हा रचतो.

गाव लहान आहे. चौक, चर्च, सावली धरणारी मोठी झाडं, पाणी पडत असलेलं कारंजं. ओल्नी हा उच्चार तिथे कुणाला चटकन कळला नाही. लेकीने पुस्तकामागचा फोटो दाखवला तेव्हा दारात खुर्ची टाकून शेंगा सोलत बसलेल्या आजींनी फोटो डोळ्यांपाशी नेला, मान हलवली आणि हाताने वरचा डोंगर दाखवला. मग पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

ओल्नींनी या डोंगरावरचं घर १९६१ साली घेतलं. पडकं होतं. त्यांनी ते हळूहळू उभं केलं. भोवती ऑलिव्हच्या ताली, आणि स्वयंपाकघरात मोठी चूल, निखाऱ्यांवर भाजण्यासाठी. बाहेर वेलीखाली टेबल. उन्हाळाभर जेवणं तिथेच व्हायची. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत 'शे पानीस' हे उपाहारगृह काढणाऱ्या ॲलिस वॉटर्स इथे येऊन जेवल्या, आणि त्यांच्या स्वयंपाकावर ओल्नींचा ठसा आहे हे त्या मोकळेपणाने सांगतात. ताजं, जवळच्या शेतातलं, ऋतूतलं आणि कमीत कमी सोपस्कारांचं जेवण अमेरिकेत रुजलं, त्याची एक मुळी या डोंगरातून गेली आहे. ओल्नींनी स्वतः कधी हॉटेल चालवलं नाही. ते घरी रांधायचे, घरी वाढायचे, आणि लिहायचे.

आम्ही वर जाणारी वाट धरली. दगडगोट्यांची, चढी. दहा मिनिटांत धाप लागली. पायाखाली काहीतरी चिरडलं जात होतं आणि प्रत्येक पावलाला वास येत होता. खाली वाकून पाहिलं तर थाइम. आपल्या माळरानावर कुसळं उगवावीत तशी, कुणी न लावता, खडकाच्या फटीतून. जरा पुढे सारिएत, अशीच एक सुवासिक रानवनस्पती, ती चावली की मिरीसारखी जिभेला लागते. ओल्नी या वनस्पती फुलावर असताना तोडायचे, जुड्या बांधून वाळवायचे आणि हाताने चुरून स्वतःचं मिश्रण करून ठेवायचे. वर्षभर तेच वापरायचे. आईचा गोडा मसाला आठवला. उन्हाळ्यात एकदा करायची, काचेच्या बरणीत भरून ठेवायची. दुकानातल्या पुडीवर तिचा कधी विश्वास बसला नाही.

घर आज खासगी आहे. मला ते आधीच माहीत होतं. खासगी वाटेची पाटी दिसली तिथे आम्ही थांबलो. वर झाडांमधून दगडी भिंतीचा एक तुकडा दिसत होता. ते त्यांचंच घर की शेजारचं, सांगता येत नव्हतं, आणि कुणाच्या घरात डोकावायला मी आले नव्हते. एका तालीवर बसलो. दगड उन्हाने कोमट झाले होते.

पुस्तक काढलं आणि लेकीला प्रस्तावनेतला भाग मराठीत सांगत वाचला. 'साधं' म्हणजे काय, हा प्रश्न ओल्नी सुरुवातीलाच घेतात, आणि तो सोडवणं किती अवघड आहे तेही कबूल करतात. शेतकऱ्याच्या घरचा रस्सा साधा, पण तो चार तास मंद आचेवर असतो. नुसती भाजलेली कोंबडी साधी, पण कोंबडी चांगली नसेल तर ती झाकायला तिथे काहीच नसतं. पदार्थाला त्याची स्वतःची चव असली पाहिजे, असं जुने फ्रेंच खाद्यलेखक क्युर्नोन्स्की म्हणायचे. ओल्नी तोच धागा धरतात. आणि मग पुढे एक गोष्ट करतात जी मला इतर पाकपुस्तकांत क्वचित दिसली. कृतीच्या पलीकडे कसं जायचं ते शिकवतात. घरात काय आहे, ओटा काय म्हणतोय, बागेत काय आलंय ते बघून पदार्थ कसा जुळवायचा, यावर पानंच्या पानं आहेत.

लेक म्हणाली, "म्हणजे आजीसारखं."

"हो. पण आजीने लिहिलं नाही."

थोडं थाइम तोडून पंचात गुंडाळलं. मुळासकट नाही, वरवरचं. उतरताना गुडघे बोलायला लागले. तुकासच्या चौकात कारंज्याचं पाणी तोंडावर मारलं, आणि संध्याकाळी तुलाँला आल्यावर दुसरं काहीच सुचेना म्हणून फक्त आगो बुलीदो केलं. लसणाच्या पाकळ्या ठेचून पाण्यात उकळायच्या, त्यात सेज आणि तमालपत्राच्या जातीचं पान, मीठ. वाडग्यात शिळ्या पावाच्या चकत्या, त्यावर ऑलिव्ह तेल, आणि वरून ते उकळतं पाणी. झालं. प्रोव्हाँसमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या या दक्षिणेकडच्या भागात, म्हण आहे, आगो बुलीदो जीव वाचवतं. थकल्या अंगाला ते लसणाचं गरम पाणी गेलं आणि खरंच अंगात जीव आला.

दिवस चौथा, गुरुवार : बाँदोल

सकाळी बाजारात खारवलेला कॉड मासा घेतला. उद्या शुक्रवार, उद्याचा बेत आयोलीचा. मासा चोवीस तास पाण्यात राहायला हवा आणि पाणी तीन-चारदा बदलायला हवं. पातेल्यात बुडवून झाकण ठेवलं आणि स्टेशन गाठलं.

बाँदोल तुलाँच्या पश्चिमेला, समुद्रकाठी. पण आम्हाला आत जायचं होतं, ल प्लाँ द्यु कास्तले इथे, दोमेन ताँपिए या द्राक्षमळ्यावर. ओल्नींच्या गोष्टीतलं हे दुसरं घर.

इथे ल्युसी पेरो राहायच्या. सगळे त्यांना लुलू म्हणायचे. जन्म १९१७ चा, मार्सेयचा. १९३६ मध्ये ल्युसियाँ पेरो यांच्याशी लग्न झालं, आणि ताँपिए कुटुंबाच्या या मळ्यावर ते संसार घेऊन आले. सात मुलं. ल्युसियाँनी या भागातल्या मूर्वेद्र या जुन्या द्राक्षाला पुन्हा उभं केलं. हे द्राक्ष उशिरा पिकतं, ऊन मागतं, समुद्राची हवा मागतं. शेतकऱ्यांनी जास्त पीक देणाऱ्या जाती लावल्या होत्या. पेरोंसारख्या लोकांनी धरून ठेवलं म्हणून १९४१ साली बाँदोलच्या वाइनला स्वतःच्या नावाचं भौगोलिक मानांकन मिळालं. आज बाँदोलच्या लाल वाइनमध्ये निम्म्याहून कमी मूर्वेद्र चालत नाही आणि ती किमान अठरा महिने लाकडी पिंपात मुरावी लागते. द्राक्षं हातानेच तोडायची, हा नियम. आम्ही गेलो तेव्हा तोडणी चालू होती. ओळीत वाकलेली माणसं, कात्रीचा टक-टक आवाज, पाटीत काळेभोर घड. वाकून तोडणं म्हणजे काय ते ज्याने भुईमूग उपटलाय त्याला सांगायला नको.

लुलू या मळ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवू घालायच्या. बुयाबेस म्हणजे माशांचं कालवण, द्राक्षवेलींच्या वाळल्या काटक्यांवर, बाहेर, मोठ्या तांब्याच्या भांड्यात. पाहुण्यांसमोर. ओल्नी त्यांचे स्नेही झाले, आणि वर्षानुवर्षं त्यांच्या ओट्यापाशी उभे राहून बघत, विचारत, लिहून घेत राहिले. त्यातून १९९४ मध्ये 'लुलूज प्रोव्हाँसाल टेबल' हे पुस्तक आलं. एका गृहिणीच्या हातचं जेवण, तिच्याच बोलण्यातून. ओल्नींसारखा लेखक, ज्याने टाइम-लाइफच्या 'द गुड कुक' या अनेक खंडांच्या मालिकेची धुरा सांभाळली होती, तो तिथे स्वतः मागे उभा राहतो आणि लुलूंना बोलू देतो. मला त्यांच्या सगळ्या कामांत हे काम सर्वांत जवळचं वाटतं. माझ्या आईच्या ओट्यापाशी असं कुणी वही घेऊन उभं राहिलं असतं तर. मीच राहायला हवं होतं.

चवीसाठी थोडी गुलाबी वाइन दिली. मी एरवी घेत नाही, इथे घेतली. थंड, कोरडी, जिभेवर मागाहून काहीतरी गवतासारखं. लेकीने वाइन देणाऱ्या मुलीला लुलूंबद्दल विचारलं, आणि त्या मुलीचा चेहरा उजळला. लुलू २०२० मध्ये गेल्या, एकशे दोन वर्षांच्या होऊन. ल्युसियाँ त्याआधी, १९९६ मध्ये.

संध्याकाळी परत येऊन आधी माशाचं पाणी बदललं.

दिवस पाचवा, शुक्रवार : अंजीर आणि आयोली

सकाळी पुन्हा सोलिएस-पाँ, या वेळी अंजिरासाठी. फ्रान्समधल्या अंजिरांतलं बहुतांश पीक याच खोऱ्यातून येतं. 'फीग द सोलिएस' या नावाला २००६ मध्ये तसंच मानांकन मिळालं. जात एकच, बुर्जासोत न्वार. जांभळं-काळं, थेंबाच्या आकाराचं पण खाली चपटं, कापलं की आत गडद लाल, दाण्यांनी गच्च. ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तोडणी.

आमच्या पुरंदरच्या अंजिरालाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मामाकडे दिवे गावाजवळ सव्वाशे झाडं आहेत. पण आमचं अंजीर किती नाजूक. सकाळी तोडलं की पानं घालून पाटीत भरायचं आणि त्याच दिवशी मंडईत. आमच्याकडे दोन बहर, खट्टा आणि मीठा. इथे एकच. बागेतल्या काकांना लेकीने हे सांगितलं, तर ते हातातलं काम टाकून उभे राहिले. दोन बहर? छाटणी कधी? पाणी कधी तोडता? मी सांगत गेले, लेक भाषांतर करत गेली, काका मध्येच जमिनीवर काठीने रेघा मारून विचारत राहिले. मी मामाच्या बागेचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून झाडाचा बुंधा बघितला, फळ नाही. शेतकरी तो शेतकरीच.

निघताना त्यांनी एक अंजीर देठाकडून दुमडून दाखवलं. पिकलेलं अंजीर मान टाकतं, सालीवर बारीक पांढऱ्या चिरा पडतात, आणि खालच्या डोळ्याशी मधासारखा एक थेंब येतो. तो थेंब आला की त्याच दिवशी खायचं. ते अंजीर मी तिथेच, उभ्या उभ्या खाल्लं. गोड खरंच, पण मला त्यात एक आंबूस, लालसर काहीतरी लागलं, जे मामाच्या अंजिरात नसतं. मामाच्या अंजिराचा वास त्याच्यात नव्हता. दोन्ही आपापल्या मातीची.

घरी आलो ते आयोलीच्या घाईने. आयोली म्हणजे लसूण आणि ऑलिव्ह तेलाचं घट्ट वाटण, आणि त्याच नावाचं जेवण. उकडलेले बटाटे, गाजरं, फरसबी, हरभरे, अंडी, आणि हा कॉड. सगळं साधं उकडलेलं, मध्ये पिवळाधमक आयोली. शुक्रवारी करायची रीत.

बाजारातून दगडी खल आणला होता. तो पुण्याला नेता येणार नाही इतका जड, पण हवाच होता. ओल्नी मिक्सर वापरू देत नाहीत, आणि खल का, हे मला वाचून नव्हे तर करून कळलं. लसूण आणि जाड मीठ बत्त्याने ठेचत नाहीत, खलतात. गोल गोल, भिंतीला घासून. तीन-चार मिनिटांत पाकळ्यांचा आकार जातो, मग धागा जातो, मग लसणाचा तिखट, नाकात जाणारा वास बदलून गोडसर होतो. तेव्हा अंड्याचा पिवळा बलक. तोही खलायचा, फिका होईपर्यंत. मग तेल.

पहिल्यांदा फाटलं. मी तेल धारेने सोडलं होतं. खलात पिवळं पाणी आणि त्यावर तेलाचा तवंग. वाईट वाटलं, कारण चांगलं तेल होतं. पण ओल्नींनी उपाय दिलेला आहे. खल रिकामा करायचा, पुसायचा, नवा बलक घ्यायचा आणि ते फाटलेलं त्याच्यात थेंबाथेंबाने घालत जायचं. दुसऱ्यांदा मी चमच्याच्या टोकावरून तेल सोडलं. थेंब, चार फेरे. थेंब, चार फेरे. बत्ता एकाच दिशेला. दहाव्या-बाराव्या थेंबाला बत्त्याचा आवाज बदलला. आधी 'चप-चप' येत होता, तो बंद झाला आणि बत्ता जड लागायला लागला, लोण्यात फिरवावा तसा. मी लेकीला हाक मारली, "ये, हात धर." तिने बत्ता धरला. "कळलं?" "कळलं." तिथून पुढे तेल धारेने सोडलं तरी चालतं, आणि तिनेच ते संपवलं.

जेवायला बसलो तेव्हा साडेनऊ झाले होते. कॉड पाकळी पाकळी सुटत होता. बटाट्याचा एक तुकडा, वर आयोली. कितीतरी वेळ आम्ही दोघी बोललो नाही.

दिवस सहावा, शनिवार : तुलाँ ते मार्सेय

माझं विमान रविवारी होतं. गाडी दुपारची, सकाळ मोकळी. बाजारात जाऊन अंजीरवाल्या बाईंना सांगितलं, उद्यासाठी. त्यांनी ओळखलं. कडक निवडून दिली, आणि एक पिकलेलं वर ठेवून हातवाऱ्यांनी सांगितलं, हे गाडीत.

गाडीत वही काढली. जुनी, वाट्या-चमच्यांची. मागचं कोरं पान उघडलं आणि भरल्या वांग्याचं लिहायला घेतलं.

'वांगी काटेरी, लहान, मुठीत दोन बसतील एवढी. चिरल्यावर मिठाच्या पाण्यात. कूट जाडसर, बोटांत चुरल्यावर दाणा लागला पाहिजे. कांदा तेलावर टाकला की आधी पाण्याचा आवाज येतो. तो आवाज बंद होईपर्यंत हलवू नये. मग कडा सोनेरी होतात आणि कच्चट वास जातो. मसाला आच मंद करून घालावा, नाहीतर कडू होतो. वांगी एकदाच उलटायची, देठाला धरून. देठ सहज वाकला की आत शिजलं. झाकण काढल्यावर कडेने तेल सुटलेलं दिसलं पाहिजे, मध्ये नाही.'

लेक खांद्यावरून वाचत होती. पेन मागून घेतलं आणि तिने देठाच्या ओळीखाली लिहिलं, 'आजी देठ चिमटीत धरून हळूच ओढून बघायची. निसटला की झालं.'

मला हे आठवत नव्हतं. तिला आठवत होतं. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती, ओट्यापाशी स्टुलावर बसलेली असायची.

मी वही तिच्याकडेच दिली आणि पिकलेलं अंजीर काढलं. त्याच्या डोळ्याशी थेंब आला होता.